छातीवरचा पत्ता

४ जानेवारी

दादा,

साठी बुद्धी नाठी हे ऐकून होतो, पण सत्तरीत माणूस लबाडही होतो हे तुझ्यामुळे कळलं.

पाकीट आलं. घाईघाईने फोडलं, कापूस उलगडला, आणि आत कोण? डोळा मिचकावणारी मांजर! साबणवाल्यांनी वडीबरोबर फुकट वाटलेल्या बिल्ल्यावरची, इकडून बघितली तर टक्क जागी, तिकडून बघितली तर एक डोळा मिटलेला. अरे गाढवा, ती मांजर मीच तुला ऑक्टोबरात पाठवली! वर चिठ्ठीत ऐट काय, तर म्हणे, "अशी तुझ्याकडे नसेल." नसणारच ना. तुला देऊन टाकल्यावर माझ्याकडे राहील कुठून?

शाळेच्या पायऱ्यांवर बसून आपण दोघांनी नियम केले, आठवतात का? बिल्ला विकत घ्यायचा नाही. कोणी बदली मागितली तर नाही म्हणायचं नाही, मग तो राजा असो की रद्दीवाला. आणि एकसारखे दोन ठेवायचे नाहीत. आपली अर्धी हयात टपालाने बिल्ल्यांची बदली करण्यात गेली, पण दिलेलाच बिल्ला परत पाठवण्याची शक्कल अजून कोणी काढली नव्हती. फोन करून चार शब्द सुनावले असते, पण फोनवर मला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनाने रचतो. म्हणून लेखी शिव्या देतोय.

मी मात्र माणुसकी सोडलेली नाही. सोबतचा बिल्ला नीट बघ. बसभाडं वाढलं तेव्हा लोक कामावर पायी जायला लागले होते, त्या वेळचा आहे. पांढऱ्या जमिनीवर काळ्या अक्षरात "मी चालतो", बस्स, एवढंच. पत्र्याला कडेने गंज धरलाय, पण आतला कागद कोरा करकरीत. पाठीमागच्या रिंगेत छापखान्याची चिठ्ठीसुद्धा शाबूत आहे. डेपोतल्याच काही लोकांनी हा बिल्ला कोटाच्या आतून लावला होता अशी तेव्हा आवई होती. तू तर तिथे बस सोडणारा साहेब होतास. खरं काय ते लिही, म्हणजे इतिहास पुरा होईल.

वहिनींना नमस्कार, चिमणीला काकाचा आशीर्वाद. तुला काही नाही.

तुझा धाकटा


१५ जानेवारी

भावोजी,

ह्यांच्यावर रागावू नका. मांजर मी भरली पाकिटात. हे म्हणाले, डावीकडच्या ट्रेमधला काढ, मी उजवीकडचा काढला. मला मेलीला तुमच्या त्या बिल्ल्यांतलं काय कळतंय! मला सगळे सारखेच गोल.

ह्यांचे डोळे हल्ली दगा देतात. मोतीबिंदू आहे म्हणतात, पण पिकलेला नाही, म्हणून कापायचा नाही. तेव्हा हे पत्र मीच लिहितेय आणि हे शेजारी बसून सांगतायत.

तुमचा "मी चालतो" पोचला. ह्यांना फार आवडला. दिवसभर मुठीत घेऊन बसले होते. डेपोतल्या लोकांचं विचारलंत, ते काही आठवत नाही म्हणाले. फार जुनी गोष्ट झाली ना ती. बदलीचा बिल्ला पुढच्या खेपेला नक्की पाठवतील.

तुम्ही यायचं म्हणत होतात. इतक्यात नका येऊ. घराला रंग काढलाय, सगळं सामान अस्ताव्यस्त आहे. तब्येतीला जपा. एकट्याचं जेवण म्हणून चालढकल करू नका.

तुमची वहिनी


२४ जानेवारी

वहिनी,

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाईट वाटलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा संशय आला. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा खात्रीच पटली.

आठवत नाही? दादाला? अहो, कुठल्या बिल्ल्याची पिन उजवीकडे उघडते आणि कुठल्याची डावीकडे, हे अंथरुणात पडल्या पडल्या सांगणारा माणूस तो. प्राणिसंग्रहालयात हत्तीण व्यायली तेव्हा वाटलेल्या बिल्ल्यावर हत्तिणीला चुकून सुळे काढले होते आणि ते बिल्ले संध्याकाळपर्यंत परत मागवले, हे मला त्यानेच सांगितलं. त्याला स्वतःच्या डेपोतलं आठवत नाही? आणि रंग तर मागच्याच वर्षी दिलात. तुमचं घर काय नाटकातला नट आहे, ऊठसूट रंग लावायला?

मी सांगतो काय झालंय ते. बिल्ले विकलेत तुम्ही. चिमणी कधीपासून म्हणत होती की कपाटं खोली अडवतात. सगळे ट्रे गेले असणार, आणि तळाशी उरलेली ती मांजर मला परत पाठवलीत. म्हणून मी यायचं नाही, म्हणून दादाचे डोळे बिघडले, म्हणून पत्र तुमच्या हातचं.

विकलेत तर तसं तोंडावर सांगा. मी काही फासावर चढवणार नाही. पण दादाने त्याच्या हाताने दोन ओळी लिहून कळवावं. तोवर इकडून बिल्ला यायचा नाही.

भावोजी


६ फेब्रुवारी

भावोजी,

एकही बिल्ला विकलेला नाही. सगळे आहेत, जिथल्या तिथे, मखमलीवर. जागेवर नाहीत ते हे.

मोतीबिंदू नाही, रंगही नाही. तुमच्याशी खोटं बोलले, कारण तुम्हाला सांगितलं की ते खरं झालं असं मला वाटत होतं. हे विसरायला लागलेत. आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरायचे, मग वार, मग शेजाऱ्यांची नावं. ती मांजर त्यांनीच पाठवली, स्वतःच्या हाताने, मोठ्या कौतुकाने. तुम्हीच दिली होती हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मागच्या महिन्यात पाव आणायला म्हणून गेले ते डेपोत सापडले. फाटकाशी उभं राहून बसना हात दाखवत होते. नवे चालक बिचारे, वडीलधारा माणूस आहे, काहीतरी अधिकारी असेल म्हणून ऐकत होते. दोन बस भलत्याच रस्त्याला गेल्या म्हणे. लेकीला तिथल्या माणसाने हसत हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही.

लेक म्हणते, दाराला आतून कुलूप घाल आणि किल्ली कमरेला लाव. तिचं चुकतंय असं मी म्हणत नाही. दिवसभर कामावर असते आणि फोन वाजला की तिला वाटतं, हे पुन्हा हरवले. पण भावोजी, सकाळची फेरी मारून आल्याशिवाय ज्या माणसाला चहा गोड लागला नाही, त्याला कोंडायचं? परवा तिने नुसती कडी लावून पाहिली. हे दारापाशी गेले. समोरची कडी काढायचं त्यांना सुचेना. दारावर हळूच थाप मारून म्हणाले, "उघडा हो. मी काय केलंय?" मी धावत जाऊन कडी काढली.

खिशात पत्त्याची चिठ्ठी ठेवून पाहिली, तिची पुडी करून फेकतात. मनगटाला पट्टी बांधली, ती कात्रीने कापली. ह्यांच्या अंगावर टिकेल अशी एकच वस्तू आहे आणि ती तुम्हाला करता येते. तुमच्या त्या हाताच्या प्रेसवर एक बिल्ला करा, त्यावर आमचा पत्ता घाला. बिल्ला म्हटला की काढून टाकणार नाहीत.

आणि जमलं तर स्वतःच घेऊन या. तुम्हाला अजून ओळखतील.

वहिनी


१४ फेब्रुवारी

वहिनी,

काय लिहू? तुम्हाला चोर ठरवून मोकळा झालो होतो. जीभ हासडून घ्यावीशी वाटते.

बिल्ला सोबत आहे. पत्र्यावर कागद, त्यावर पारदर्शक पापुद्रा, मग प्रेसचा दांडा एकदा खाली ओढायचा. डोळे मिटून करतो मी हे काम. या खेपेला चार वेळा कागद तिरका बसला. निळ्या जमिनीवर पांढरी बस काढलीय, ती त्याला आवडेल. काठाने लिहिलंय, "हे गृहस्थ घर विसरतात. कृपया इथे पोचवा", खाली पत्ता आणि फोन. अक्षरं बारीक ठेवलीत. अक्षरांनी भरलेल्या बिल्ल्याला तो जाहिरात म्हणतो आणि हातसुद्धा लावत नाही.

डाव्या खिशाच्या वर लावा. पिनेचं टोक कापडातून दोनदा आतबाहेर काढा, म्हणजे निसटणार नाही.

यायचं फार मनात आहे. पण गुडघा धरलाय आणि तुमचा जिना उभा. बघू.

भावोजी


१२ मार्च

भावोजी,

हे पत्र लिहितेय. निम्मं भीतीने, निम्मं तुमच्यावरच्या रागाने.

सुरुवातीला तुमची बस छान चालली. रोज सकाळी मी लावून द्यायची, हे ऐटीत फेरी मारून परत यायचे. दोनदा पाववाल्याने वाचून घरापर्यंत आणून सोडलं. मी लेकीला म्हटलं, बघ, काकाने कसं काम केलं ते. मंगळवारी जेवायची वेळ टळली तरी ह्यांचा पत्ता नाही. आणि दुपारी फोन वाजला. परगावचा एक दंतवैद्य बोलत होता.

"बाई, तुमच्या घरचे गृहस्थ हरवलेत का?"

"हो हो! कुठे आहेत?"

"ते माझ्याकडे नाहीत. त्यांचा बिल्ला माझ्याकडे आहे."

भावोजी, मी फोन धरून जमिनीवरच बसले. हा माणूस दंतवैद्यांच्या कसल्याशा मेळाव्याला आला होता. परतीच्या बसची वाट बघत थांब्यावर उभा होता, छातीवर मेळाव्यात मिळालेला बिल्ला. हे त्याच्यासमोर जाऊन म्हणाले, "बदली करता का?" त्यालाही गंमत वाटली, त्याने केली. घरी जाऊन कोट काढल्यावर त्याच्या बायकोने काठावरची अक्षरं वाचली. बाई चांगली म्हणून फोन तरी आला.

लेक हातातलं काम टाकून आली. डेपो बघितला, दवाखाने बघितले, पुलाखाली बघितलं. पुलाखाली बघताना आम्ही दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत नव्हतो. दिवस कलला तेव्हा बाजारपेठेतल्या बुटांच्या दुकानात सापडले. छातीवर हसरी दाढ आणि खाली लिहिलेलं, "दातांचं काही विचारायचंय? मला विचारा!" आणि लोक विचारत होते हो! दुकानातल्या दोन मुली, एक गिऱ्हाईक, सगळे आ करून दाखवत होते आणि हे गंभीर तोंडाने सांगत होते, मिठाच्या पाण्याने चुळा भरा. दंतवैद्य म्हणूनच त्यांनी खुर्ची दिली होती. एका पायात नवा बूट, दुसरा पाय उघडा. मला बघून म्हणाले, "अगं, बघ काय मिळालं बदलीत!" इतके खूश होते की रडावं की दोन धपाटे घालावेत ते कळेना.

हा तुमचा नियम! बदलीला नाही म्हणायचं नाही. लग्न कुठल्या वर्षी झालं ते विसरले, पोटच्या पोरीचा वाढदिवस विसरले, पण शाळेच्या पायऱ्यांवर केलेला तो मेला नियम मात्र डोक्यात पक्का बसलाय.

लेकीने कुलपासाठी सुताराशी बोलणं केलंय. आता मी तिला कुठल्या तोंडाने थांबवू? एक तरी कारण द्या मला. आणि गुडघ्याचं निमित्त पुरे. तुम्ही का येत नाही ते मला कळतं.

वहिनी


१९ मार्च

वहिनी,

कळतं म्हणालात ते खरं आहे. गुडघ्याला काही झालेलं नाही. कालच जिना चढून गच्चीवरची टाकी धुतली.

मला भीती वाटते. दार उघडल्यावर दादाने "आपण कोण?" म्हटलं तर मी काय उत्तर देऊ? मला आईबाप आठवत नाहीत, बायको केली नाही. मी कोण ते सांगणारा जगात तेवढा एकच माणूस आहे. त्याच्याच तोंडून तो प्रश्न ऐकायचं धाडस होत नाही. भित्रा म्हणा, चालेल.

पण तुम्ही कारण मागितलंत, त्यावर पुष्कळ डोकं चालवलं. आपण चुकतो कुठे, तर त्याने बिल्ला बदलू नये म्हणून धडपडतो. तो बदलणारच. मरेपर्यंत बदलणार. मग बदलू दे की! ज्याच्याशी बदलेल त्याच्याही छातीवर तुमचाच पत्ता असला म्हणजे झालं.

सोबतचं खोकं जपून उघडा, पिना टोचतील. तुमच्या रस्त्यावरच्या झाडून सगळ्या दुकानदारांना वाटा, टपालवाल्याला द्या, थांब्यावरच्या तिकीटवाल्याला द्या. एकसारखे करून भागणार नव्हतं, आपल्याकडे आहे तसलाच दुसरा दादा घ्यायचा नाही. म्हणून प्रत्येकावर चित्र वेगळं: कात्री, केळं, घुबड, किटली, छत्री, एक फार वाईट जमलेला घोडा. काठावर मात्र ओळ एकच, "हा बिल्ला ज्याच्या छातीवर, त्याला इथे पोचवा", पुढे पत्ता आणि फोन. गृहस्थ, विसरतात वगैरे काढून टाकलं. दुकानदारांनी ते छातीवर कशाला मिरवावं?

चिमणीला म्हणावं, काका महिनाभराची मुदत मागतोय. आजवर तिच्याकडे काही मागितलं नाही.

भावोजी


१० एप्रिल

भावोजी,

लेकीने मुदत दिली, कपाळाला आठ्या घालूनच, पण दिली.

सगळा रस्ता बिल्ले लावून बसलाय. हे सकाळी घुबड लावून गेले की येताना किटली लावून येतात. दुसऱ्या दिवशी किटलीचं केळं होतं. कोणी मुद्दाम घासाघीस करतं, कोणी म्हणतं काका, माझा जास्त जुना आहे. तुमचा घोडा मात्र कोणी घेईना, शेवटी टपालवाल्याने दया केली. शिंप्याकडे कात्री आहे आणि ती काही केल्या तो सोडत नाही, म्हणून ह्यांचा डोळा तिच्यावरच आहे. दोनदा लांब गेले होते, दोन्ही वेळा अनोळखी माणसांनी वाचून फोन केला. तुमची युक्ती लागू पडली हो. मी परवा दुपारी चक्क झोपले.

तुम्हालाच म्हणून सांगते, लेकीला बोललेले नाही. आठवडा झाला, हे मला "अगं" म्हणून हाक मारत नाहीत. काही हवं असलं की नुसतं खाकरतात. मी विचारलं, रागावलात का? तर म्हणाले, "छे छे, तसं काही नाही." "तसं काही नाही" असं आपण घरच्या माणसाला म्हणतो का?

वहिनी


१७ एप्रिल

वहिनी,

तिकीट काढलं. दोन मेच्या सकाळी दारात असेन. आता मागे फिरत नाही.

भावोजी


२७ एप्रिल

भावोजी,

तुम्ही निघायच्या आत हे मिळावं म्हणून लगोलग लिहितेय. सगळे सुखरूप आहोत. एवढं आधी वाचा, मग पुढचं वाचा.

काल लेक सुट्टी काढून आली होती, सुताराला घेऊन. मुदत संपली होती. पण तीही मवाळ झाली होती. म्हणाली, कुलूप राहू दे आई, नुसती एक कडी वर, उंचावर बसवून घेऊ. लावायची की नाही ते तुझं तू ठरव. मी हो म्हटलं. कडी बसली, सुतार भुसा झाडत होता आणि घंटी वाजली.

दार उघडलं तर हे उभे. सोबत आपला शिंपी, गळ्यात टेप, ओठांत दोन टाचण्या. ह्यांनी त्याचं मनगट घट्ट धरलेलं.

"नमस्कार, बाई," हे मला म्हणाले. "हे गृहस्थ हरवलेत. यांच्या छातीवर तुमचा पत्ता आहे, वाचून बघा. मला रस्ता सापडेना, विचारत विचारत आलो, पण आणलं बरोबर."

मला वाटलं थट्टा करतायत. पूर्वी करायचे ना तशी, आधी तोंड अगदी गंभीर आणि मग मिशीतून हसू. मी हसूची वाट बघत उभी राहिले. ते आलं नाही. परक्या बाईशी बोलावं तसं अदबीने, दोन पायऱ्या खाली उभं राहून बोलत होते.

शिंप्याने टाचण्या हातात घेतल्या. रडकुंडीला आला होता. "काकू, काय करू? सोडतच नाहीत. गिऱ्हाईक एका बाहीत दुकानात उभं आहे."

"ओरडू नका हं त्यांना," हे मलाच समजावायला लागले. "या वयात होतं असं. आपणच सांभाळून घ्यायचं." शिंप्याला अजून मिशा धड फुटलेल्या नाहीत.

ह्यांच्या स्वतःच्या छातीवर छत्री होती, तिच्यावरही तोच पत्ता. पण बिल्ला लावणाऱ्याला थोडाच वाचता येतो? तो समोरच्यासाठी असतो. तुमचा बिल्ला चोख वागला, भावोजी. त्यात लिहिलं होतं तेच ह्यांनी केलं. एक अक्षर चुकले नाहीत.

मी म्हटलं, "फार उपकार झाले." शिंपी निसटला तसा धावत गेला. हेही वळले. "येतो, बाई."

"चहा तरी घेऊन जा."

"नको. घरी बायको वाट बघत असेल. फार काळजी करते हो ती. जरा उशीर झाला की खिडकीत येऊन उभी राहते. तिला वाटतं मला दिसत नाही."

मला काय झालं ते लिहिता येत नाही. इतकी वर्षं संसार केला आणि मला कायम वाटत आलं की ह्या माणसाचं आपल्याकडे लक्षच नाही, ह्याचा सगळा जीव त्या गोल पत्र्यांत.

लेक माझ्या मागे उभी होती, सुतार हातोडी घेऊन तसाच. मी विचारलं, "कुठे राहता आपण?" ह्यांनी रस्त्याकडे बोट केलं, आधी डावीकडे, मग उजवीकडे, आणि मग बोट खाली घेतलं. चेहरा असा झाला की मला बघवेना. मी म्हटलं, "तुमच्या बायकोला मी ओळखते. ती इकडेच यायला निघालीय, तुम्हाला न्यायला. तोवर आत बसा." ह्यांना ते पटलं. आत आले, चपला नीट जोडून ठेवल्या आणि स्वतःची खुर्ची सोडून पाहुण्यांच्या खुर्चीत कडेला टेकले.

लेक स्वयंपाकघरात जाऊन रडत होती. तिने कडीला हात लावला नाही. कडी मी लावली. जिच्यासाठी तिच्याशी एवढी भांडले ती मीच लावली. ते पुन्हा बाहेर पडले असते तर मला शोधायलाच पडले असते, आणि मी सापडले नसते.

संध्याकाळी मला "अगं" म्हणाले, पाणी मागितलं. सकाळी पुन्हा "बाई". तेव्हा तुम्ही या, पण ओळखतीलच असा भरवसा मी देत नाही. मलाही आता रोज बघावं लागतं, आज मी कोण आहे ते.

काल मात्र मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "कुठवर आली असेल हो?"

मी म्हटलं, "येईलच इतक्यात."

आणि आम्ही दोघं दाराकडे तोंड करून बसलो, माझी वाट बघत.

वहिनी